आत्याने झाकून ठेवलेलं पान

परवा शेजारणीने कुंडीतल्या गुलाबावर राख भुरभुरली, आणि दवात भिजलेल्या राखेच्या वासाने मला थेट मंठ्याजवळ आत्याच्या शेतात नेऊन उभं केलं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी कीटकशास्त्र शिकत होतो आणि तिच्या बांधावरच्या एका ठेंगण्या पळसावर मला पानांचा रस शोषणारा, पांढऱ्या पट्ट्यांचा तपकिरी मावा सापडला होता. तसा मावा कुठल्याच पुस्तकात नव्हता. आमचे सर म्हणाले, "जात नवी दिसते, पण पंखवाला मावा मिळाल्याशिवाय वर्णन पुरं व्हायचं नाही." म्हणून थंडीभर दर रविवारी मी भिंग घेऊन त्या झाडाखाली बसायचो. एका रविवारी गेलो तर सगळं झाड राखेनं पांढरं, आणि खाली रिकामी पाटी घेऊन आत्या हसत उभी. "किती दिस झाले, तोंड पाडून बघून राह्यलास. म्हणलं, पोराच्या जिवाला लागलेली कीड मारून टाकावी एकदाची." मी भिंग काढून झाडाकडे धावलो. "थांब, केवढी कीड होती ते तुला दाखवाया ठेवलंय," म्हणत तिनं पालथा द्रोण उचलला. खालच्या पानावर मावा हळूहळू चालत होता, आणि त्यातल्या काहींना पंख होते. नमुना गोळा करणाऱ्याचं नाव वर्णनात लागतं. मी आत्याचं दिलं. "मारणारीचं नाव कशापायी रे?" ती लाजली. आता आत्या नाही, पळसही नाही. पुढे मी पुष्कळ हिंडलो, पण तो मावा पुन्हा कुठेच दिसला नाही. संग्रहात त्याचे नमुने आहेत ते तिच्या त्या एका पानावरचेच.