यादीबाहेरची आत्या

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांत मी साताऱ्यात मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि फावल्या वेळात मागणीप्रमाणे मंगलाष्टकं रचून देत होते. माझं माहेर सांगलीचं. नोकरीपायी वडिलांना घेऊन साताऱ्यात बिऱ्हाड केलं होतं. स्वतःचं लग्न अजून व्हायचं होतं आणि दुसऱ्यांच्या लग्नांत माझ्या ओळींवर अक्षता पडत होत्या, याची आमच्या आळीतल्या बायकांना फार गंमत वाटे. मला राग यायचा, पण धंदा सोडवत नव्हता. खरं सांगते, त्या कामात मला जेवढा आनंद झाला तेवढा पुढे कशात झाला नाही.

माझी पद्धत ठरलेली होती. गिऱ्हाइकाला आधी पोटभर बोलू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. मग आई-वडील, मामा, काका, कुलदैवत, गावची नदी असं सगळं वहीत उतरून घ्यायचं आणि शार्दूलविक्रीडितात आठ कडवी बसवायची. तिसरं आणि पाचवं कडवं मी सगळ्यांना तेच देत असे, हे आज कबूल करायला हरकत नाही. बाकीची सहा मात्र ज्याची त्याची. आष्ट्याचे एक हळदीचे व्यापारी मुलीच्या लग्नासाठी आले होते. म्हणाले, "आमच्या पेढीचं नाव देवाच्या आधी नको, पण आईबापाच्या आधी आलं तर चालंल." मी मान डोलावली. नवरीच्या अंगाला लागलेली हळद बापाच्या पेढीवरची आहे, अशी एक ओळ घातली. गृहस्थ इतके खूश झाले की तीच ओळ त्यांनी पुढे दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतली. गिऱ्हाईक मागतं एक आणि त्याला हवं असतं दुसरं, हे मी तेव्हा शिकले.

एका रविवारी सकाळी पाटणच्या बाजूचे एक पेन्शनीत निघालेले सुभेदार आले. बूट चकचकीत, मिशा त्याहून चकचकीत. त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं लग्न होतं. मुलगाही पलटणीतच होता आणि लग्नापुरता रजेवर आला होता. सुभेदारांनी खिशातून चौघडी कागद काढला. भावकीतल्या माणसांची नावं हुद्द्याप्रमाणे एकाखाली एक लिहिली होती, पहिलं नाव त्यांचं स्वतःचं.

"बाई, ह्यातलं एक बी नाव गळता कामा नये," ते म्हणाले. "माजं नाव हुद्द्यासकट यायला पायजे. आमच्या गावात छापील मंगलाष्टक पयल्यांदाच हुतंय."

"हुद्दा वृत्तात बसणं कठीण आहे," मी म्हटलं.

"बसवा. आमी लय कठीण कठीण जागी बसलोय."

मी बसवलं. चौथ्या कडव्याची जवळजवळ अर्धी ओळ सुभेदारांनी आणि त्यांच्या हुद्द्याने खाल्ली, पण बसले.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी आले तर ओसरीवर खाकी कपड्यातला एक उंच तरुण वडिलांशी बोलत बसला होता. तोच नवरदेव. उठून उभा राहिला आणि टोपी हातात फिरवायला लागला.

"बाई, यादीत एक नाव ऱ्हायलंय," तो म्हणाला. "माज्या आत्याचं."

मग त्याने सांगितलं. तो दहा दिवसांचा असताना त्याची आई गेली. वडील दूरदेशी पलटणीत. विधवा होऊन माहेरी आलेल्या आत्याने त्याला शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून, थेंब थेंब पाजून जगवलं. तिच्या मांडीवर तो वाढला. आणि आता तिचंच नाव यादीत नव्हतं, कारण शुभकार्याच्या गाण्यात विधवेचं नाव आलं तर भावकी बोलेल. तिला विचारलं तर तीही नकोच म्हणाली होती.

"लगीन झालं की आठ दिसांत मी परत लढाईवर. ती नको म्हनती, आबा नको म्हनत्यात. पण जायच्या आदी तिचं नाव चारचौघांत निघावं, एवढंच माजं मागणं हाय."

तो गेला आणि मी वही उघडून बसले. काम दिलं होतं बापाने आणि लग्न होतं मुलाचं. कोणाला खूश करायचं? नववं कडवं घालावं तर अष्टकात नऊ कडवी कुठून आणणार, आणि लढाईमुळे कागदाची इतकी टंचाई की छापखानेवाले गुलाबी कागदाच्या एका तावापलीकडे बोलायला तयार नव्हते. शेवटी मी सहाव्या कडव्यातली नदी काढून टाकली आणि नावाशिवायच दोन ओळी लिहिल्या:

शेळीचे पय पाजुनी जगविले तान्ह्या मुला ज्या करी
त्या हातास नमूनिया वर उभा, कुर्यात् सदा मंगलम्

वाटलं, ज्याला कळायचं त्याला कळेल आणि सुभेदार भावकीतली नावं मोजण्यात गुंग राहतील. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

सुभेदार मजकूर तपासायला आले. मी वाचत गेले, ते बोटं मिटत नावं मोजत गेले. स्वतःचं नाव हुद्द्यासकट ऐकल्यावर मिशीवरून हात फिरला. सहाव्या कडव्याला बोट मिटलंच नाही.

"ह्ये कुनी सांगितलं तुमास्नी?"

"कोणी का सांगेना. खोटं आहे का?"

"यादीत नव्हतं."

तिथे माझा ताबा सुटला. मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, तुमच्या यादीतल्या निम्म्या माणसांनी त्या पोराला कधी कडेवर घेतलं नसेल. त्यांची नावं मी चार-चार वेळा घासूनपुसून बसवली. जिने जगवलं तिच्यासाठी तुम्हाला दोन ओळी जड होतात? मग दुसऱ्याकडून लिहून घ्या." वडील आतून खाकरले. मला गप्प बसवायची त्यांची ती खूण होती, पण बोलून झालं होतं.

सुभेदार उठले. ओसरीच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधायला लागले. एक बूट झाला. दुसऱ्याची नाडी हातात धरून ते तसेच बसून राहिले. मला माझाच राग आला. गिऱ्हाईक गेलं याचं नव्हे, त्या पोराचं मागणं मी माझ्या जिभेने घालवलं याचं.

"तवा मी लांबच्या मुलखात हुतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बायकू गेल्याची तार आली. पोराचं कायबी कळलं न्हाई. मी धरून चाललो की त्ये बी गेलं. चार म्हैन्यांनी अक्काचं पत्र आलं, कुनाकडनं तरी लिवून घेतल्यालं. पोरगं हसतंय म्हणून."

मग ते माझ्याकडे वळले.

"आसं आडून कशाला लिवलंय? ज्यानं काम केलं त्याचं नाव पायजे. तिचं नाव घाला."

"जागा नाही हो कुठे. खरंच नाही."

"माजं काडा."

मी वहीतलं चौथं कडवं काढलं.

"हुद्द्यासकट काडा. हुईल न्हवं जागा?"

झाली. आत्याचं नाव त्या जागी असं बसलं की एक अक्षर इकडचं तिकडे करावं लागलं नाही. सुभेदारांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि दुसरी नाडी बांधून गेले.

लग्नाला मला जावंच लागलं, कारण त्या चालीवर म्हणणारं गावात कोणी नव्हतं. वडिलांना बरोबर घेऊन उतारूंच्या सर्व्हिस मोटारीतून धुळीने न्हाऊन मी पोचले. मुहूर्त गोरज होता. आत्या मांडवात नव्हती. मांडवामागे चुलाणाजवळ, पिठाच्या हातांनी, डोक्यावरचा पदर सावरत बायकांवर ओरडत उभी होती. बुटकी, काळीसावळी, आवाज सुभेदारांपेक्षा मोठा.

अंतरपाट धरला. मी सुरुवात केली. चौथ्या कडव्यात तिचं नाव आलं तेव्हा मांडवात कुजबुज झाली, एका म्हातारीने शेजारणीला कोपराने ढोसलं, आणि मागचं ओरडणं एकदम थांबलं.  मी पुढचं कडवं घेतलं.

सहावं कडवं संपलं. सावधान म्हटल्यावर सगळ्यांचे हात नवरानवरीकडे गेले. सुभेदारांचा गेला नाही. ते मागे वळले आणि आपल्या मुठीतल्या सगळ्या अक्षता त्यांनी चुलाणाच्या दिशेने बहिणीवर टाकल्या.  मग त्या कोपर मारणाऱ्या म्हातारीने आपली मूठ तिकडेच रिकामी केली. मागोमाग पोरीसोरी, बायका, भावकीतले यादीवाले बाप्येसुद्धा. सातव्या कडव्यापर्यंत निम्मा मांडव उलटा तोंड करून उभा होता आणि अंतरपाटामागे नवरदेव लहान मुलासारखा हसत होता.

"आरं, माज्यावर काय टाकताय," आत्या ओरडत होती. "लगीन तिकडं हाय, तिकडं टाका की."

ती हसत होती आणि पिठाच्या हाताने डोळे पुसत होती, त्यामुळे तोंडभर पीठ झालं होतं.

रात्रीची पंगत बसली. गूळ-तुपाची पोळी वाढत आत्या माझ्या पानाशी आली. तिच्या पदरावर, खांद्यावर कुंकवाने रंगवलेले तांबडे तांदूळ तसेच होते. मी म्हटलं, "आत्या, थांबा, झटकून देते."

तिने माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे बाई," ती म्हणाली. "माज्या लग्नानंतर आजच पडल्यात."