दसऱ्याच्या ताटात पडलेली गोळी

मुकादम सरांचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता.
माझा त्यांच्यावर तर अजिबातच नव्हता.

आज सकाळी सर गेले. पनवेलला, मुलीच्या घरी.

जुन्या क्लबच्या ग्रुपवर बातमी आली आणि दोन मिनिटांत खाली एकाचा मेसेज पडला, "दसऱ्याची भानगड केलेले तेच ना?"

म्हणून लिहायला बसले. एरवी मी इथे वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहीत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेलापूरला टेकडीच्या पायथ्याशी आमच्या रायफल क्लबची रेंज होती. रेंज म्हणजे काय, पत्र्याची शेड, समोर मातीचा बांध आणि सहा रायफली. मी बँकेत नवीन लागले होते. नेरुळहून संध्याकाळी प्रॅक्टिसला जायचे.

मुकादम सर आमचे कोच. मूळचे उरणकडचे मुसलमान. रायफल खाली ठेवली रे ठेवली, की मागून आवाज यायचा.

"रिकामी हाय?"
"हो सर."
"कोन म्हनतं?"
"मी म्हणते."
"तू म्हनून काय उपयोग? बोल्ट उघड. चेंबर दाखव."

मागची खिट्टी ओढून, गोळी बसते ती जागा दाखवायची. मग ते स्वतः वाकून बघायचे. स्वतःच्या हातातून माझ्या हातात दिली तरी परत तेच.

"सर, आत्ताच बघितलंत ना?"
"ते मगाशी. आता परत बघ."

माझं डोकं फिरायचं. आधी वाटलं, मी बाई म्हणून. मग दिसलं की सगळ्यांनाच करतात. मग मला नवाच संशय, हा माणूस आमच्या चुका हेरून कमिटीला सांगतो.

मुंबईच्या दंगलींना फार वर्षं झाली नव्हती. टाऊनशिपमध्ये नव्याने राहायला आलेले आम्ही एकमेकांकडे जरा तिरकंच बघायचो. आडनाव ऐकलं की मनात कुठेतरी खट्ट व्हायचं. माझ्याही व्हायचं, खोटं कशाला बोलू.

क्लबमध्ये दसऱ्याला शस्त्रपूजा असायची. घरची माणसं यायची, पेढे, फोटो, सगळं.

आदल्या संध्याकाळी सरांच्या मुलीला ताप होता म्हणून ते लवकर गेले. आज तपासणी नाही म्हणून आम्ही सगळे खूश.

मी शेवटची गोळी भरली, बोल्ट बंद केला आणि लाइट गेली.

अर्धा तास आली नाही. गप्पा मारल्या, हसलो, आणि अंधारातच रायफली कपाटात ठेवून घरी गेलो. माझी जशी होती तशीच.

दसऱ्याला आमचे सेक्रेटरी तांबे यांनी टेबलावर लाल कापड घातलं. एकीचा बोल्ट आधीच बंद होता, हळदकुंकू आत जाऊ नये म्हणून बाकीच्या रायफलींचेही बंद केले. फोटोत छान दिसावं म्हणून नळ्या लोकांकडे. समोर पहिल्या खुर्चीत माझी आई, मांडीवर आरतीचं ताट.

एवढ्यात सर आले. दारातच थबकले.

"थांबा. पयले बोल्ट उघडा."

तांबे म्हणाले, "सर, पूजा झालीय. आता देव आहेत ते. आज तरी नको."

मीही बोलले. सगळ्यांसमोर, मोठ्याने. "सर, आमचा सण आहे. एक दिवस राहू द्या ना."

'आमचा.' हा शब्द मीच वापरला.

सरांनी चपला काढल्या. टेबलापाशी गेले. एकेक रायफल हळूच उचलून भिंतीकडे वळवली, फुलं बाजूला केली, बोल्ट उघडला. तीन रिकाम्या निघाल्या.

चौथी माझी. आतून पिवळीधमक जिवंत गोळी उडाली आणि टेबलावरच्या अक्षतांच्या ताटात पडली.

मला त्याच क्षणी सगळं आठवलं.

तांब्यांनी विचारलं, "ही काल कोणाकडे होती?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी झेंडूच्या फुलांकडे.

मग सर म्हणाले, "तपासायचं काम माजं. काल मी तपासली नाय."

बाहेर पेढे खाताना कुजबुज सुरू. "बरी पूजेच्याच वेळी निघाली." "हातात त्यांच्याच होती ना? टाकली असेल." "मुद्दाम केलं हो."

मी पेढा खाल्ला आणि गप्प बसले.

महिन्याभरात कमिटीने सरांना 'विश्रांती घ्या' असं सांगितलं. ते भांडले नाहीत. मला एकदाही काही बोलले नाहीत. पुढे काही महिन्यांनी मीच रेंज सोडली. विचारणाऱ्यांना सांगितलं, बँकेत काम वाढलंय.

एक फोन करायला मला इतकी वर्षं जमलं नाही. लाज वाटते.

आज आईला बातमी सांगितली. आई आता ऐंशीच्या पुढची. म्हणाली, "तोच ना, पूजा मोडणारा?"

"आई, ती गोळी माझी होती. मी विसरले होते काढायला."

तिने चष्मा काढला. "माझ्याकडे तोंड होतं ना गं त्या बंदुकीचं?"

"हो."

पदराने काचा पुसल्या. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी त्या माणसाला नावं ठेवली आणि तू ऐकून घेतलंस?"

मी मान हलवली.

"माझी पांढरी साडी काढ. त्यांच्या घरी जायचंय. आणि तिथे हे तू सांगायचंस, माझ्यादेखत."

निघतोय आम्ही. त्याआधी हे इथे टाकते आहे, कारण मी स्वतःला ओळखते. दारातून शेपूट घालून परत येईन.

क्लबमधल्या सगळ्यांनी वाचा. भानगड सरांची नव्हती.

मुकादम सर, तुम्ही माझ्या आईला वाचवलंत आणि मी तुमचं नाव वाचवलं नाही.
मान खाली घालून तुमचा निरोप घेते.