धोंडा जाईपर्यंत लूम बंद

घराखाली बाबांचे कापड विणायचे लूम आणि गच्चीवर माझी दुर्बीण. दोघांचं सवतींसारखं. लूमच्या धडधडीने इमारत अशी थरथरे, की माझ्या फोटोंत तारे ठिपक्यांऐवजी अळ्यांसारखे उमटत. पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांची जागा मोजायची तर तारे जागच्या जागी हवेत. त्यांच्यातून सरकणारा ठिपका तेवढा आपला. म्हणून मी शुक्रवारची वाट बघायचे. त्या दिवशी भिवंडीतल्या लूमना सुट्टी असते.

एकदा नुकताच कुणाला तरी सापडलेला एक लघुग्रह आठवड्याच्या मध्येच, संध्याकाळी पश्चिमेला दिसणार होता. त्याचा मार्ग अजून नक्की नव्हता. ठिकठिकाणच्या लोकांनी लगेच त्याची जागा मोजून कळवली नाही, तर तो कायमचा हरवणार. मी बाबांना म्हटलं, थोडा वेळ लूम बंद ठेवा ना.

आई कडाडली, "वेड लागलंय का? चालते लूम कधी बंद करतात, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. आमच्या गल्लीत सुट्टी नसताना, वीज असताना लूम थांबतात ते घरातलं माणूस गेल्यावर. मग शेजारीही मान राखून आपापले थांबवतात. दिवेलागणीला बाबांनी मेन स्विच खाली ओढला.

मागोमाग शेजारचे लूम थांबले, मग पलीकडचे. सगळी गल्ली मुकी झाली. त्या शांततेची मला भीतीच वाटली. वर मात्र तारे स्थिर झाले, आणि त्यांच्यातून माझा ठिपका फोटोगणिक पुढे सरकत होता.

मी कठड्यावरून वाकले. खाली माणसं जमली होती. शेजारच्या कारखान्याचे चाचा डोक्याला रुमाल बांधून आमच्या दारात उभे होते.

"कौन गया, सेठ?"

"कोण न्हाय गेला," बाबा म्हणाले. "पोरीचा धोंडा चाललाय वरून."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी माना वर केल्या. ते आकाशाकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

पुढे बाबा माझ्यासाठी अधूनमधून लूम थांबवू लागले आणि सगळ्यांना सवय झाली. आमचे लूम थांबले की कारीगर चहाला जात आणि शेजारी आपले चालू ठेवत. आई तेवढी दर वेळी देवापुढे दिवा लावून बसे.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी लूम थांबले. आभाळ भरून आलं होतं. बाबांचं हल्ली विसरणं वाढलेलं, म्हणून मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "बाबा, आज ढग आहेत, चालू करा!" लूम थांबलेलेच. पुन्हा ओरडले, जरा चिडूनच. मग खाली गेले.

कारीगर नेहमीसारखे चहाला गेले होते. बाबा मेन स्विचखाली भिंतीला टेकून बसले होते, मान छातीवर पडलेली. छातीत कळ आल्यावर त्यांनी आधी लूम थांबवले असणार. त्यांचे हात थंड पडायला लागले होते.

मी दारात आले. गल्लीत कोणी जमलं नव्हतं, शेजारचे लूम धडधडत होते. समोरून चाचांनी मला पाहिलं आणि हात वर करून हसत विचारलं, "आज कितना बडा पत्थर है, बेटी?"