मामांची राखेची रेघ

देवाच्या धाकाशिवाय माणूस सरळ चालूच शकत नाही, हे माझ्या थोरल्या मामांइतक्या खात्रीने सांगणारा माणूस कर्जतपासून खालापूरपर्यंत दुसरा सापडायचा नाही. आणि देवाचा धाक असलेल्या माणसांवरही त्यांच्याइतका संशय घेणारा सापडायचा नाही. कळंबच्या अलीकडे त्यांचं घर आहे. रिसॉर्ट शोधत आलेल्या गाड्या त्यांच्या दारात थांबून रस्ता विचारतात, आणि रस्ता सांगण्याआधी मामा विचारतात, "सकाळी उठल्यावर हात कुणाला जोडता?" उत्तर आलं नाही तर माणूस बाद. फार पटकन आलं तरी बाद, कारण मग ते पाठ केलेलं असणार. एकदा एका तरुण जोडप्याने हसून "कुणालाच नाही" म्हटलं, तर मामा रिसॉर्टच्या फाटकापर्यंत त्यांच्या गाडीपुढे चालत गेले. वाटेत आमच्या फणसाला हात लागू नये म्हणून. कपाळभर गंध लावणाऱ्यांबद्दल तर त्यांचं मत आणखी वाईट. एवढं गंध लागतं म्हणजे तेवढं काहीतरी झाकायचं असणार, असा हिशेब. देवळात जाताना ते एक चप्पल पूर्वेच्या पायरीशी काढतात आणि दुसरी पश्चिमेच्या. इथे तर सगळे देव मानणारेच येतात, मग चपलांची ही फारकत कशाला, असं मी विचारलं होतं. मामा म्हणाले, "देव आत असतो रं. चपला भायेर."

असा माणूस आणि त्याच्या शेजारी कोण यावं, तर गावातला एकमेव उघड नास्तिक. रसायनीच्या कुठल्याशा कारखान्यात जन्म काढून तो घरी बसला होता, म्हणून मामा त्याला 'रसायनीवाला' म्हणायचे. हा गृहस्थ गावदेवीची पालखी दारात आली की अंगण झाडून ठेवायचा, खांदेकऱ्यांना पाणी द्यायचा, पण हात जोडायचा नाही. मामांची झोप उडवायला एवढं पुरेसं होतं. ज्याच्यावर वरून कोणी नजर ठेवून नाही त्याच्यावर आपण नजर ठेवलीच पाहिजे, हे मामांनी अंगावर घेतलेलं काम. परीक्षा बघायची म्हणून ते मुद्दाम कोयता बांधावर विसरून यायचे. दुसऱ्या दिवशी कोयता पडवीत हजर, वर धार लावून. याने कुणाचीही खात्री पटली असती. मामांचा संशय दुप्पट झाला. "येवढा चांगला का वागतो? काय तरी मोठं योजलं असंल," असं ते मामीला सांगत राहायचे, आणि मामी तांदूळ निवडत राहायची.

आता रेघेबद्दल. झोडणी होऊन खळ्यावर भाताची रास पडली, की मामा गावदेवीचं नाव घेऊन तिच्याभोवती चुलीतल्या राखेची रेघ ओढतात. देवीच्या नावाची रेघ ओलांडायला कोणी धजत नाही. आणि धजलंच, तर राख विस्कटून चोरी कळते. विश्वास आणि अविश्वास एकाच घमेल्यात मावणारी ही पद्धत मामांना कमालीची आवडते. एका वर्षी रेघ ओढता ओढताच त्यांच्या पोटात कळ आली. हे पोट त्याआधी कर्जतच्या डॉक्टरला दाखवायचं ठरलं होतं, पण भिंतीवर देवाच्या जागी आतड्यांचं चित्र दिसल्यामुळे मामा न दाखवताच परतले होते. मामीने टेंपो बोलावला. पनवेलला नेऊन ऑपरेशन करणं भाग होतं, आणि अख्ख्या वर्षाचं भात खळ्यावर उघडं पडलेलं. टेंपोत चढायच्या आधी, पोट आवळून धरून, मामांनी रेघ पुरी केली. मग भजनातल्या आपल्या मृदंगवाल्या मित्राला बोलावून, कुणालाही रेघेच्या आत पाऊल टाकू देणार नाही अशी गावदेवीची शपथ घ्यायला लावली, आणि निघताना रसायनीवाल्याच्या घराकडे बोट दाखवून कुजबुजले, "त्याच्यावर डोळा ठेव."

ऑपरेशन नीट झालं. मामांना घरी मीच आणलं. वाटेत सगळीकडे चिखल होता, अवकाळी पाऊस झोडपून गेलेला. खळ्यापाशी उतरलो तर खळं धुऊन निघालेलं, रास नाही, रेघ नाही, काहीच नाही. मामांचा चेहरा बघवेना. सगळं आयुष्य ज्या गोष्टीला भ्यायले ती समोर येऊन उभी होती. "मी सांगतच व्हतो," एवढंच म्हणाले, आणि थेट शेजारच्या घराकडे बघितलं.

तेवढ्यात मृदंगवाले खाली मान घालून आले. भरदुपारी पाऊस आला तेव्हा ते राशीजवळच होते. पण रेघ देवीची आणि शपथही देवीची. पाऊल टाकणार कसं? म्हणून ते रेघेबाहेर छत्री धरून उभे राहिले, आणि भात भिजायला लागलं. मग रसायनीवाला आणि त्याची बायको धावत आली आणि सरळ रेघ ओलांडून गोण्या भरू लागली. "मग तू काय केलंस?" मामांनी विचारलं. "मी तोंड फिरवलं," मृदंगवाले म्हणाले. "बगितलंच नाय, म्हंजे शपथ मोडली नाय."

गोण्या रसायनीवाल्याच्या पडवीत होत्या. वर ताडपत्री, आणि थप्पीभोवती, जराशी वाकडी, राखेची रेघ. मामांनी रेघेकडे बोट दाखवलं.

"तुजा तर इस्वास नाय. मग ही कशाला वढलीस?"

"तुमचा हाय ना दादा. आल्यावर तुमाला जिवाला बरं वाटावं."

"कोन बगत नव्हतं. एखादी गोण इकडची तिकडं…"

"भात तुमचं हाय, दादा." कुणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं त्याने सांगितलं आणि आत जाऊन मामांसाठी खुर्ची आणली.

यावर मामांनी निष्ठा बदलली असती तर ते माझे मामा कसले? पोटाचे टाके सुकेपर्यंत विचार करून त्यांनी निकाल दिला की हा माणूस चोरून देवदेव करतो आणि कबूल करत नाही. तेव्हापासून पाळत त्या दिशेने सुरू झाली. पहाटे काही निमित्त काढून मामा त्याच्या खिडकीवरून जायचे, जोडलेले हात रंगेहाथ पकडायला. तो कायम कोंबड्यांना पाणी घालताना सापडायचा. मग दोघे तिथेच चहा प्यायचे. ही पाळत इतकी वर्षं चालली की एखाद्या दिवशी मामा गेले नाहीत, तर तोच चौकशीला यायचा. मामांना तो आवडायचा, जीव लावण्याइतका आवडायचा, हे मला दिसत होतं. त्यांना मात्र याचा अजिबात संशय नव्हता.

गेल्या पावसाळ्यात तो गेला. बायको मुलाकडे राहायला गेली. या वेळी झोडणीला मी गेलो, तेव्हा मामा वाकून रेघ ओढत होते. सगळी रेघ पुरी झाली, पण शेजारच्या बाजूला माणूस जाईल एवढी जागा त्यांनी मोकळी सोडली. भात भिजलं त्या वर्षापासून ते अशीच सोडतात, असं मामी म्हणाली. पलीकडच्या घराला कुलूप होतं. मी म्हटलं, मामा, इथून चोर शिरेल की.

मामांनी घमेल्यातली उरलेली राख झाडली.

"त्या बाजूनं चोर येत नाय रं," ते म्हणाले.