गाडी स्लोवर येईना

गाडी जेठची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची. ऊस वाहायचा जुना ट्रक, आणि चालवायचा माझा नवरा. दोन दिवसांपासून तिची रेस आपोआप चढलेली. म्हणजे पाय काढला तरी इंजिन खाली यायचंच नाही, उभ्या जागी बोंबलायचं, आणि गियर टाकून क्लच जरासा सोडला की गाडी उडीच मारायची. आदल्या दिवशी कारखान्याच्या रांगेत तशीच उडी मारली. पुढे उसाची बैलगाडी, वर ऊसतोडवाल्यांची पोरगी बसलेली. नवरा ब्रेकवर उभाच राहिला म्हणून वाचली. हे त्यानं मला जेवताना सांगितलं, वर म्हणे कोणाला बोलू नको.

सकाळी परत फेरी होती. जेठ खळ्यात उभा, नुसता ओरडत.

"तशीच काढ! आवाजच करी ऱ्हायनी ना, कोनले चावी तर नही ऱ्हायनी!"

नवऱ्यानं बोनेट उघडलं आणि मला गाडीत चढवलं, पायाखालचं क्लच-रेस दाबायला कोणीतरी पाहिजे म्हणून. बाळाला दात येत होते, सारखं रडत होतं. सासूकडे द्यायला गेले तर ती म्हणे, "तुन्हा पोऱ्या, तूच धर." मग मांडीवर बाळ, पायाखाली क्लच, समोर नवऱ्याचं डोकं. गाडी पुढे गेली तर पहिला तोच चिरडेल, एवढंच माझ्या डोक्यात.

"न्यूट्रल शे ना?" मी विचारलं.

"मी काय येडा शे? रेसवरथून पाय काढ!"

"काढेलच शे!"

"मंग का बोंबली ऱ्हायनी?"

मला काय माहीत. त्यानं पायाखालची चटई ओढून फेकली, रेस हातानं वर उचलून पाहिली, ती वर येत होती. रेसच्या तारेला तेल सोडलं. स्प्रिंग नवी लावली. मग डिझेलच्या पंपावर इंजिन खाली आणायचा स्लोचा स्क्रू असतो, तो मागे फिरवला, अजून मागे, पार सुटायला आला, तरी इंजिन तसंच. तो शिव्या द्यायला लागला. गाडीला, मग मला, मग माझ्या माहेराला.

गाडी बंद करून मला म्हणे खाली ये, मोबाईलची बॅटरी धर. मी एका हातात बाळ, एका हातात मोबाईल धरून वाकले. तेव्हा मला दिसलं की तार ओढते ती पंपाची दांडी त्या स्क्रूपर्यंत पोचतच नव्हती. मध्ये बोटभर जागा, आणि त्या जागेत काळं काहीतरी अडकलेलं. मग स्क्रू फिरवून काय होणार.

तो गोंडा होता. सासूनं सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेला, घोड्याच्या गळ्यात बांधतात तसला काळा लोकरीचा, त्यात बिब्बा ओवलेला. शेजारीण गाडीला चांगली म्हणाली होती, म्हणून नजर लागू नये. बाहेर बांधला तर माणसं हसतील, म्हणून आत बांधला, कुठे ते कोणाला न सांगता. लोकर डिझेल पिऊन दगडासारखी घट्ट झालेली.

नवऱ्यानंही पाहिला. पाहून तोंड फिरवलं.

"मायनी बांधेल शे. हात नको लावू."

"आहो, पण त्यानंच तर अडकी ऱ्हायनं."

"सांगं ना, हात नको लावू!"

मागून जेठ म्हणाला, "सातवी शिकेल बाई, आते मिस्त्री व्हयनी!" आणि मग नवऱ्याला, "बठ, काढ गाडी."

आणि नवरा खरंच चढायला लागला. त्याला सगळं समजलेलं होतं, तरी चढत होता. मला ती उसावरची पोरगी दिसली, मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. मी मोबाईल टाकला, बाळाला काखेत आवळून तो गोंडा ओढला. दोरा तुटेना. शेवटी दातानं तोडला. तोंडात डिझेल, बिब्बा लागला की फोड येतात, जीभ लागू नये म्हणून थुंकत राहिले.

दांडी खट् करून मागे गेली. नवऱ्यानं उतरून स्क्रू परत बसवला, चावी मारली, आणि गाडी हळू, बारीक आवाजात चालायला लागली.

मग सासू आली, माझ्या हातातला गोंडा पाहिला. नवरा लगेच म्हणाला, "मी नही तोडा. हाईनी तोडा." हाईनी, म्हणजे मी.

"तोडा ना?" सासू म्हणाली. "आते या गाडीले काय बी व्हयनं ना, तुन्हा डोकावर. तुन्हाच नवरा शे त्यामा, ध्यानमा ठेव."

गाडी गेली. माझे ओठ सुजायला लागले होते. दिवसभर मी बाळाला दूध पाजताना पदरानं तोंड पुसत होते आणि रस्त्याकडे कान. जेठचा मोबाईल वाजला की दारात येऊन उभी राहायचे.

संध्याकाळी गाडी आली, मागचं एक टायर फाटलेलं. कारखान्याच्या वजनकाट्यावरून उतरताना खिळा लागला, नवरा म्हणाला. जेठनं नवऱ्याला एक शब्द विचारला नाही. सरळ चुलीपाशी माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"आते? गोंडा कोनी तोडा व्हता?"

मी भाकर थापत होते. वर पाहिलं नाही. नवरा मागे हातपाय धूत होता, खिळ्याचं तो सांगेल वाटलं, पण नुसता तांब्याचा आवाज येत होता, मी तोच ऐकत राहिले.