स्वयंपाकघर, विळी, अपघात

सर्व नागरिकांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की माणसाला सर्वांत मोठा धोका त्याच्या स्वयंपाकघरात असतो. हे मी अधिकाराने सांगतो, कारण रत्नागिरीच्या एका दवाखान्यात जखमांची कारणं विचारून संगणकावर त्यांचे कोड नोंदवण्यात माझी निम्मी हयात गेली. स्पिरिटचा वास आला की मला एक दुपार आठवते. समोर बाकावर एक तरुण बाई बसली होती, दंडावर मागच्या बाजूला खोल वार, पट्टीतून झिरपणारं रक्त. नवऱ्याने तिचा खांदा धरला होता आणि त्याची पकड सैल होत नव्हती. "कसं लागलं?" मी तिला विचारलं. "सुरमई कापताना विळीवर पडली," उत्तर त्याने दिलं. ती खाली बघत राहिली. मारहाण लिहिली तर पोलीस येणार होते, अपघात लिहिला तर ती त्याच्याबरोबर घरी जाणार होती. नाइलाजाने मी टाइप करू लागलो: स्वयंपाकघर, विळी, अपघात. तेवढ्यात शेजारी जपमाळ ओढत बसलेली सासू ताडकन उठली. तिला सून वाचवायची होती की घराचं सोवळं, ते मला आजही कळलेलं नाही, पण अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी ती मुलावर ओरडली, "सुरमई? मेल्या, श्रावणात आपल्या घरात मासा शिजत नाय!"