दहा ते सात आणि आबांची सावड

चहाला चार माणसं जमली की किस्से आपोआप साठतात. आमच्या तळेगावच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तर गेला महिनाभर विषय एकच होता. ऑफिस दहा ते सात, की ज्याला जमेल तेव्हा? सर म्हणाले, "महिनाभर आपापल्या वेळेनं काम करा, मग ठरवू." कोण कधी उगवतंय, याची मला भारी उत्सुकता!

बेगडेवाडीचा निखिल रोज दहाच्या ठोक्याला हजर. म्हटलं, "अरे, तुला सूट आहे ना?"

"हळू बोल. आईला कळलं तर रोजचं दळण माझ्याकडे."

लोणावळ्याच्या मेधाताई पहाटे कामाला बसायच्या. एकदा त्यांनी ग्रुपवर विचारलं, "हा कोड कोणी बदलला?" निखिलनं दुपारी विचारलं, "कुठला?" मी संध्याकाळी लिहिलं, "मी नाही." दुसऱ्या दिवशी पहाटे मेधाताईंचा मेसेज आला, "सापडलं. मीच बदलला होता."

जीव टांगणीला लागला होता तो कार्ल्याच्या संतोषचा. भातलावणी चालू होती. तो सकाळी शेतात आणि दुपारनंतर कोडिंगला. त्यांच्याकडे सावड असते. आज आपण शेजाऱ्याच्या शेतात राबायचं, उद्या तो आपल्या. मजुरी नाही, पण फेड चुकवायची नाही. "दहा ते सात झालं तर मला नोकरी सोडावी लागेल," असं तो मला म्हणाला, आणि मला खरंच वाईट वाटलं.

त्यात एकदा ऑनलाइन मीटिंगमध्ये त्याच्या मागून कोणी ओरडलं, "संत्या, रोपं आण की लवकर!"

सर म्हणाले, "कोण आहे ते?"

"क्लायंट आहेत, सर."

सर भडकले. "हा काम करतो तरी कधी, बघतोच." दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी काढून कार्ल्याला निघाले. मीही बसले. असला तमाशा कोण सोडतंय?

संतोष रोपं आणायला वरच्या वावरात गेला होता. बांधावर त्याचे वडील, आबा, उभे होते. सरांना बघून म्हणाले, "आलात व्हय? लय बरं झालं. बूट हितंच काढा." आणि रोपांची जुडी हातात दिली.

सरांना नाही म्हणायला जमलं नाही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून जेवणापर्यंत लावणी केली. भाकरी खाऊन निघताना कंबर धरून संतोषला एवढंच म्हणाले, "सोमवारी निर्णय सांगतो." संतोषचा चेहरा पडला.

सोमवारी सर केबिनमध्ये शिरले, तर समोरच्या खुर्चीत धुतलेली टोपी घालून आबा बसलेले.

"आबा, तुम्ही इथे?"

"तुमी जेवणापातुर राबलात आमच्यात. मी बी जेवणापातुर हाये. सांगा, काय करायचं?"

सरांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि संतोषला फोन लावला. "तू तुझ्या वेळेनंच काम कर बाबा. पण आबांना काय काम देऊ, ते आधी सांग."

आबा तोवर बाह्या वर सारून तयार होते. "बिगीबिगी सांगा. दुपारून मला शेजाऱ्याच्या वावरात जायचंय."